काखेतली जाळी

काशीदच्या अलीकडच्या कोळीवाड्यात कुणाचं जाळं फाटलं की ते गोदूबाईकडे जायचं, आणि जाळ्याआधी आणणाऱ्याची दुरुस्ती व्हायची. कुठल्या खडकावर ओढलंस, डोळे घरी ठेवून गेलेलास काय, बापानं हेच शिकवलं काय, अशी सगळी विचारपूस झाली की मग बाई ओट्यावर बैठक मारायची. उजवा पाय लांब पसरायची, पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा एक डोळा, म्हणजे विणीतलं भोक, अडकवायची, जाळं आपल्याकडे ताणून घ्यायची आणि सुईनं तुटलेले डोळे भरत सुटायची. बोलणं एकीकडे, हात एकीकडे. त्या अंगठ्याला असा घट्टा पडला होता की काटा रुतला तरी कळू नये. एका कामात माणसानं इतकं मुरू नये, असं कुणी तिला सांगितलं असतं तर तिनं त्याला ओट्यावरून हाकललं असतं. पण पुढं जे झालं ते त्या मुरण्यानंच झालं.

नवरा विठोबा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती लेकही दुखण्यात गेली आणि मागं आपली पोर ठेवून गेली. ती दिशा. गोदूबाईनं तिला सुकट विकून, जाळी सांधून मोठी केली. दिशा शिकली, न्हावा शेव्याला कंटेनरच्या एका कंपनीत नोकरीला लागली आणि शनिवार-रविवार घरी येऊ लागली. इथपर्यंत सगळं गावातल्या चार पोरींसारखंच. पण या पोरीला तलवारीचं वेड लागलं. नवी मुंबईत असल्या वेड्यांचा एक गट होता, परदेशी जुन्या पद्धतीनं तलवारी खेळणाऱ्यांचा. त्यात ही जाऊन बसली. पहिल्यांदा दंडावर हिरवानिळा वळ घेऊन आली तेव्हा गोदूबाईनं दोन दिवस तिच्याशी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी हळद लावली.

दैव असं, की तलवारींनी गोदूबाईचंही घर सोडलं नाही. गावचा मुश्ताक कुवेतला जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता. परत आला तो शेड टाकून तलवारी नि चिलखतं बनवायला लागला, तीही नाटकासिनेमातली पत्र्याची नव्हे. युरोपातल्या नि अमेरिकेतल्या हौशी लोकांना अंगात घालून खेळता येतील अशी. माल पेट्यांत भरून बंदराला जायचा. चिलखतातली कड्यांची जाळी विणायला त्याला माणसं मिळेनात. मग एक दिवस तो गोदूबाईच्या ओट्याशी आला आणि म्हणाला, "गोदूमावशी, तू सुताचे डोळे विणतेस, मला लोखंडाचे विणून दे."

बाईनं अर्थातच आधी त्याला झाडलं. मग एक कडी हातात घेऊन पाहिली. एका कडीत चार कड्या अडकवायच्या, तोंड मिटवायचं, त्यात बारीक खिळा घालून पकडीनं चेपायचा, की पुढची. आठवड्याभरात तिचे हात मुश्ताकच्या कारागिरांपेक्षा वेगानं चालू लागले आणि तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

शनिवारी दिशा शेडवर यायची आणि मग तिची नि मुश्ताकच्या पोराची, वासिफची, जुंपायची. दिशा युरोपची, वासिफ जपानचा. जणू दोघांची मामाघरंच तिकडे होती. वासिफ म्हणायचा, कताना म्हणजे तलवार, बाकी सगळ्या पहारी. एका बाजूला धार, पाठीला बाक, दोन्ही हातांत धरून ओढत आणली की मांस काय, बांबू काय, लोण्यासारखं चिरते. दिशा म्हणायची, चिरते ना, मग लोखंड चिरून दाखव. आमची तलवार सरळ, दोन्हीकडे धार, मुठीवर आडवा दांडा, म्हणजे समोरच्याचा वार तिथंच अडतो. आणि समोर अखंड लोखंडात मढलेला माणूस आला की आमचे लोक वार करतच नसत. डाव्या हातानं आपलंच पातं मध्ये धरायचं, तलवारीचा भाला करायचा आणि टोक सांध्यात घालायचं. वासिफ सांगायचा की जपान्यांचं चिलखत हलकं, लोखंडाच्या नि चामड्याच्या छोट्या पट्ट्या रेशमी दोरीनं ओवलेल्या, कारण त्यांना घोड्यावरून बाण मारायचे असत. दिशा सांगायची की युरोपातलं जड दिसतं, पण वजन सगळ्या अंगावर वाटलेलं, माणूस त्यात कोलांटी मारतो. असं तासन् तास चालायचं. मुश्ताक मधेच सांगायचा, की पोर्तुगीज रेवदंड्याला उतरले तेव्हा असलीच सरळ पाती आणली म्हणे, आपल्याकडे त्यांना फिरंग म्हणत. तेवढ्यापुरतं दोघांचं भांडण थांबे.

गोदूबाई कड्या अडकवत ऐकायची. तिला यात भांडण्यासारखं काही दिसत नसे. पापलेटाचं जाळं बोंबलाला चालत नाही. जसा मासा तसं जाळं, जसं चिलखत तशी तलवार. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात राहिली होती. एवढं भांडून दोघं एकाच जागी येऊन थांबायची. सरळ तलवारवाला असो की बाकदारवाला, समोरचा लोखंडात असला की दोघंही शेवटी काखेत मारायचे. काखेत पट्टी बसवता येत नाही, हातच हलणार नाही. म्हणून तिथं जाळी. जपानी लोक तिथली जाळी कापडावर शिवून टाकतात, असं वासिफ मिरवायचा. युरोपवाल्यांची मोकळी लोंबते.

तर या दोघांचं भांडण लोकांसमोर लावायचं ठरलं. किहीमला एका रिसॉर्टच्या नारळीच्या बागेत दिशाच्या गटाचा खेळ होता, रविवारी दुपारी. शेवटची लढत दिशा नि वासिफची, ती सरळ तलवारीनं, तो कतानानं. धार दोन्हींना नव्हती. टोकं घासून गोल केली होती, पण गोल म्हणजे केवढी, करंगळीच्या शेंड्याएवढी. शेवटी दिशानं तलवार डोक्यावर न्यायची, तिची डावी काख उघडी पडायची आणि वासिफनं तिथं जोरात टोक मारायचं. टोक जाळीवर थांबणार, लोकांना चिलखत म्हणजे काय ते कळणार. आजवरचा सराव लाकडी तलवारींनी झाला होता. चिलखत खेळालाच पहिल्यांदा घालायचं होतं, आणि ते गोदूबाईनं विणलं होतं. दिशा ज्याला त्याला सांगत सुटली होती, की माझ्या आजीच्या हातचं आहे, त्यातून पाणीसुद्धा आत येणार नाही.

रविवारी सकाळी दिशा चिलखताची पिशवी घेऊन वासिफच्या मोटरसायकलवरून गेली. जाताना आजीच्या गालाला गाल लावून गेली. गोदूबाई ओट्यावर बसली, शेजाऱ्याचं जाळं पुढं ओढलं, पाय पसरला, अंगठ्यात डोळा अडकवला आणि जाळं ताणलं. सगळे डोळे आपोआप उघडले. ते उघडतातच. जाळं एका अंगानं ताणलं की डोळे मिटतात, दुसऱ्या अंगानं ताणलं की उघडतात. आणि कोळ्याचा सगळा जन्म डोळे उघडे राखण्यात जातो, कारण पाणी निघून गेलं पाहिजे. कड्यांच्या जाळीचंही तसंच. फक्त तिथं उलटं पाहिजे. अंगावर लोंबली की जाळी मिटली पाहिजे.

सुई तिच्या हातात तशीच राहिली. काखेचे तुकडे तिनं वेगळे विणले होते. हात सहज उचलता यावा म्हणून तिथं कड्याही मोठ्या घेतल्या होत्या. आणि ते तुकडे चिलखताला जोडताना ती अशीच बसली असणार, पाय पसरून, तुकडा अंगठ्यात अडकवून. अंगठ्यात अडकवला म्हणजे हातांनी तो आपल्या सवयीनं फिरवला असणार, डोळे उघडे येतील असा. फिरवला होता काय? तिनं आठवून पाहिलं. काही म्हणता काही आठवेना. चाळीस वर्षं जे काम डोळे मिटून केलं ते आठवायला मनात उरतच नाही. 

तिनं दिशाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग पदर खोचून ती शेडकडे निघाली. निघाली म्हणजे धावलीच, आणि कोळीवाड्यानं गोदूबाईला धावताना कधी पाहिलं नव्हतं.

मुश्ताक पेट्यांना खिळे ठोकत होता. गोदूबाई थेट आत शिरली. उरलेल्या जाळीचा एक तुकडा उचलला, जमिनीवर बसली, तुकडा अंगठ्यात अडकवला आणि म्हणाली, "माझे हात बघ." डोळे मिटून तिनं तुकड्याची कड दुसऱ्या जाळीला लावायला घेतली. हातांनी तुकडा उचलला, कुणी सांगितल्याशिवाय आडवा फिरवला आणि जोडायला घेतला. तिनं डोळे उघडून तो उभा धरला. कड्या एकमेकींपासून दूर सरकून लोंबत होत्या. मुश्ताकनं मधल्या फटीत करंगळी घातली. ती पलीकडे निघाली.

"आतली कापसाची बंडी हाय ना?" तिनं विचारलं.

आहे, पण काखेत कापलेली आहे, असं मुश्ताक म्हणाला. नाहीतर हात वर जात नाही. त्यानं हातोडी खाली टाकली आणि टेम्पोची चावी घेतली.

रविवारचा रस्ता तो. मुंबईचे पाहुणे परत निघालेले, गाड्यांच्या रांगा लागलेल्या. साळावच्या पुलावर टेम्पो गोगलगायीसारखा सरकत होता. मुश्ताक एका हातानं वासिफला फोन लावत होता. लागत नव्हता. खेळणारे फोन पिशवीत ठेवून देतात, हे त्यालाही ठाऊक होतं. रिसॉर्टच्या माणसाला लागला, पण तिकडे ढोल वाजत होते. तो मोठमोठ्यानं "या या, जागा आहे" म्हणाला आणि त्यानं ठेवून दिला. चौलच्या वाडीत एक पर्यटक रस्त्यातच गाडी आडवी घालून शहाळं पीत होता. गोदूबाईनं खिडकीतून त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.  

अलिबाग येईपर्यंत ती एकच हिशेब करत होती. काखेच्या आत काय असतं? मासा चिरणाऱ्या बाईला ते कुणी सांगायला नको होतं. कल्ल्यामागं बोट घातलं की काळीज लागतं. तिनं तो विचार ढकलला. तो परत आला.

 चोंढीच्या नाक्यावर मुश्ताक म्हणाला, "मावशी, लागलं तर तुझ्या पोरीला लागेल. पण मारलेलं माझ्या पोरानं असेल. त्याला जन्मभर झोप येईल काय?"

गोदूबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर ती त्याला नुसती रागेच भरली होती. आता दोघांची भीती एकच होती आणि ती कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

किहीमच्या बागेत गर्दी गोल करून बसली होती. मध्ये दिशा आणि वासिफ. दिशाच्या डोक्यावर लोखंडी टोप, अंगात कड्यांचं चिलखत उन्हात चमकत होतं. वासिफ काळ्या पट्ट्यांच्या जपानी चिलखतात. भोंग्यावर एक जण समजावत होता, की आता बघा, हा वार पात्यानं नाही, टोकानं. दिशाची तलवार वर चालली होती.

"दिशा, हात खाली घे!"

तो आवाज पोरीनं लहानपणापासून ऐकलेला. भरतीच्या वेळी खडकावर गेल्यावर, चुलीशी खेळल्यावर. टोपातून तिला दिसलं काहीच नसेल, पण हात झटकन खाली आला. वासिफचं टोक दंडावरच्या कड्यांना खरडत निघून गेलं. लोकांना तोही खेळच वाटला आणि टाळ्या पडल्या.

गोदूबाई गोलात शिरली. दिशानं टोप काढला, तोंड घामानं डबडबलेलं आणि रागानं लाल. आजी, काय हे, सगळ्यांसमोर, असं ती दात आवळून म्हणाली. मुश्ताक पुढं झाला, त्यानं जवळचा, उजवा हात वर करायला लावला आणि काखेतल्या जाळीत करंगळी रेटली. करंगळी अडली. पुन्हा रेटली. कड्या दाट मिटलेल्या होत्या. त्यानं मोठा श्वास सोडला आणि "शुकर आहे" म्हणाला. वासिफही हसला. भोंग्यावाल्यानं, आजीबाईंना खेळ खरा वाटला, असं जाहीर करून टाकलं आणि गर्दी हसली. दिशानं टोप पुन्हा उचलला.

गोदूबाईला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग तिला ती उजवी काख आठवली. ती शेडवर जोडली होती, लाकडी पुतळ्यावर चिलखत चढवून. मुश्ताक डोक्यावर उभा राहून, असं धर, तसं धर, म्हणून तिला वैताग देत होता. रागारागानं, कसंबसं ते काम उरकलं होतं तिनं. आणि डावी? डावी तिनं चिलखतासकट घरी नेली होती. म्हणाली होती, दुसरी मी माझ्या मनासारखी करीन. शनिवार होता, दिशा यायची होती, कालवणाला उकळी आली होती. ओट्यावर बसून, पाय पसरून, एकेक कडी पुसून तिनं ती जोडली होती. सगळ्या चिलखतात तिनं जीव ओतला असेल तर त्या एका वितीवर.

"थांब गो," ती म्हणाली. "दुसरी काख दाव."

"आजी, पुरे आता."

"दाव म्हणतंय ना मी."

दिशानं वैतागून डावा हात वर केला. चिलखताच्या वजनानं काखेतला तुकडा ताणला गेला आणि कड्या एकेक करून बाजूला झाल्या, पाणी निघून जायला हवं अशा. दिशानं उजव्या हाताची करंगळी त्यात घातली. ती सरळ आत गेली. तिनं ती तशीच ठेवली, बाहेर काढली नाही. करंगळी तिच्या उघड्या अंगाला लागली होती, हे तिच्या तोंडावरून सगळ्यांना कळलं.

वासिफनं कताना गवतावर ठेवली आणि तो तिथंच खाली बसला. बाप त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

आयोजकांना घाई होती. भोंग्यावाल्यानं मधला वेळ भरून काढायला सुरुवात केली, की कताना काहीही कापते हे खोटं, युरोपातला सरदार पडला की उठत नसे हेही खोटं, दोघांनाही मारायचं तर सांधाच शोधावा लागे. लोक ऐकत होते. गोदूबाईनं त्या शब्दांकडे लक्ष दिलं नाही. तिनं कुणाला सबब सांगितली नाही, कड्या मोठ्या होत्या, वेळ कमी होता, असलं काही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाली, आणि तेही गोदूबाईच्या तोंडून कुणी आजवर ऐकलं नव्हतं.

लढत आज होणार नाही, असं दिशा म्हणाली. पण जाळी आत्ताच नीट कर, आजी. ही अशी घरी न्यायची नाही मला.

मुश्ताकनं टेम्पोतून पकड आणली. गोदूबाई सवयीनं गवतावर बसली आणि तिचा उजवा पाय लांब झाला. तिनं अंगठ्याकडे पाहिलं आणि पाय आखडून घेतला. मग उठली. चिलखत तिनं पोरीच्या अंगावरून काढूच दिलं नाही. अंगावर जसं लोंबतं तसंच जोडायचं, म्हणजे हातांना फसवायला जागा नाही. दिशा डावा हात डोक्यावर ठेवून उभी राहिली, आणि आजी तिच्या काखेशी वाकून एकेक खिळा काढून तुकडा फिरवू लागली.

काम सावकाश चाललं होतं. कडी धरायला तिला दोन बोटं जाळीच्या आत घालावी लागत होती, आणि तिथं बोटांना बरगडी लागत होती. बरगडीमागं पोरीचं काळीज उडत होतं, जोरजोरात, भ्यालेल्या माणसाचं उडतं तसं. वरून पोर किती शांत उभी होती. गोदूबाईची बोटं तिथंच थांबली. पुढची कडी हातात होती, पण तिला कडीचं तोंड दिसेना.

"आजी," दिशा हळूच म्हणाली, "रडू नको गो. कडी दिसणार न्हाय तुला."